गावच्या स्पर्धेत मुलाच्या डोक्याला लागलं. बापाने विचारलं, ‘हाची जाप कोण दितलो?’ (याचं उत्तर कोण देणार?)

सत्तरीचा सेक्रेटरी

नमस्कार मंडळी. गोव्यातल्या सत्तरी तालुक्यातल्या एका गावच्या स्पोर्ट्स क्लबचा मी सेक्रेटरी. आधीचे सेक्रेटरी जहाजावर नोकरीला गेले तेव्हा वही आणि शिक्का माझ्याकडे आला, त्याला पाच महिने झाले.

मागच्या महिन्यात आमच्या मळ्यात आंतरवाडा फुटबॉल स्पर्धा झाली. सात-सात जणांची टीम, पंधरा-पंधरा मिनिटांचे दोन हाफ. भात कापून जमीन मोकळी झाली की दरवर्षी आम्ही ही स्पर्धा घेतो. क्वार्टर फायनलला कॉर्नर आला. दोन पोरं एकाच बॉलवर उडाली आणि डोक्यावर डोकं आपटलं. आवाज बांधावर बसलेल्या बायकांनाही ऐकू आला. त्यातला एक मुलगा अकरावीतला, सोळा वर्षांचा. तो पडला तो अर्धा मिनिट हललाच नाही. मग उठून बसला. कुणी तरी डोक्यावर बाटलीभर पाणी ओतलं, कुणी मानेवर स्प्रे मारला. आमच्यातलाच एक ओरडला, ‘कांयच जावंक ना, खेळ रे!’ स्कोअर 1-1 होता आणि आमच्याकडे बदली खेळाडू उरला नव्हता. मुलगा खेळला. पुढची पूर्ण अकरा मिनिटं खेळला, त्यात दोनदा हेडरही मारला.

मॅच संपल्यावर त्याने मित्राला विचारलं, कोण जिंकलं? पाच मिनिटांनी पुन्हा तेच विचारलं. आम्ही ते हसण्यावारी नेलं. ते हसणं मला आता झोपू देत नाही.

रात्री अकराला त्याला उलट्या सुरू झाल्या. बाप त्याला घेऊन आधी जवळच्या सरकारी दवाखान्यात आणि तिथून बांबोळीच्या मोठ्या सरकारी हॉस्पिटलात गेला. सीटी स्कॅन झाला. नशिबाने रक्तस्राव नव्हता. दोन दिवस ठेवून घरी पाठवलं. आज तीन आठवडे झाले, अजून डोकं दुखतं, पुस्तक धरलं की दहा मिनिटांत डोळ्यांपुढे अक्षरं नाचतात. आणि परीक्षा तोंडावर आहे.

त्याचा बाप गेल्या रविवारी आमच्या मीटिंगला आला. खाणी बंद पडल्यापासून टेम्पो चालवतो, कुणाच्या अध्यात-मध्यात नसतो. आवाज चढवला नाही. म्हणाला, ‘म्हाका पयशे नाकात. हाची जाप कोण दितलो, तितलेंच सांगात.’ कार्यकारिणीचे अकराच्या अकरा जण हजर होतो. अध्यक्षांनी माझ्याकडे पाहिलं, मी रेफरीकडे. रेफरी गावचाच पोरगा. तो म्हणाला, मी फाऊल बघत होतो, डोकं बघायचं माझं काम आहे हे मला कुणी सांगितलंच नव्हतं. त्याचं खरंच होतं. कुणीच कुणाला सांगितलं नव्हतं.

मी होंड्याच्या औद्योगिक वसाहतीत एका कारखान्यात काम करतो. तिथे दहा फुटांच्या शिडीवर चढायचं तर परवान्याच्या कागदावर दोघांच्या सह्या लागतात. कोण चढणार, खाली कोण उभा राहणार, सगळं नावानिशी. आठवड्याचे सहा दिवस मी हे नेमाने पाळतो. आणि रविवारी माझ्याच मळ्यात शंभर पोरं खेळतात तेव्हा एकाचंही नाव कशापुढे लिहिलेलं नसतं. गोव्यात जबाबदार माणसाला जापसालदार म्हणतात. जाप देणारा तो जापसालदार. आमच्याकडे अध्यक्ष, उपाध्यक्ष, खजिनदार, सल्लागार सगळे आहेत, जापसालदार कुणी नाही.

मे महिन्यात आमची मोठी स्पर्धा आहे, 24 टीम, लाईट लावून. परवा कार्यकारिणीत ठराव आला की प्रवेश फॉर्मवर एक ओळ छापायची, ‘खेळताना झालेल्या कोणत्याही इजेस क्लब जबाबदार राहणार नाही’, आणि खाली खेळाडूची सही घ्यायची. सगळ्यांना पटलं, मी अडवून धरलं. मला कायदा कळत नाही, पण त्या बापाच्या प्रश्नाला ही ओळ म्हणजे जाप आहे असं मला वाटत नाही.

तेव्हा विचारतो. या ओळीला काही अर्थ आहे का? डोक्याला मार लागलेल्या मुलाने खेळायचं की नाही हे मैदानावर कुणी ठरवायचं? आणि आमचं सगळं बजेट 40 हजारांचं. त्यात चषकांना 9 हजार, साऊंडला 6 हजार, आणि प्रथमोपचाराची पेटी 350 रुपयांची, तीही तीन वर्षांपूर्वीची. एवढ्यात काय काय करता येईल? जाणकारांनी सांगावं.

रात्रपाळी

दादा, मी नर्स आहे, बरीच वर्षं कॅज्युअल्टीत काढली. तुमच्या मुलासारखी मुलं रविवारी रात्री आमच्याकडे येतात. आई-वडिलांना आम्ही पहिलं विचारतो, मार कधी लागला? उत्तर येतं, दुपारी चारला. मग विचारतो, त्यानंतर काय केलं? उत्तर येतं, खेळला.

तुमच्या मुलाला जे झालं त्याला कन्कशन म्हणतात. मेंदू कवटीच्या आत हादरतो. सीटी स्कॅनमध्ये बहुतेक वेळा काहीच दिसत नाही, म्हणून घरचे म्हणतात रिपोर्ट नॉर्मल आहे, पोरगं नाटक करतंय. तो नाटक करत नाही. वाचताना अक्षरं नाचणं, उजेडाचा त्रास, चिडचिड, हे सगळं त्यातलंच. त्याच्या शाळेत जाऊन सरांशी बोला, डॉक्टरांचा कागद दाखवा. एवढं तरी क्लबने करायला हवं.

मैदानावर ओळखायचं कसं? बेशुद्ध पडलाच पाहिजे असं मुळीच नाही, बहुतेक जण पडत नाहीत. तो उठला की साधे प्रश्न विचारा. आपण कुठल्या मैदानावर आहोत? हा कितवा हाफ? शेवटचा गोल कुणी मारला? मागची मॅच कुणाशी होती? अडखळला, गोंधळला, पाय लटपटले, डोकं दुखतं म्हणाला, नुसतं शून्यात बघत राहिला, तरी बाहेर. सगळी उत्तरं बरोबर आली पण तुमच्या मनात किंतु राहिला, तरीही बाहेर. आणि बाहेर म्हणजे त्या दिवसापुरता पूर्ण बाहेर. दहा मिनिटं बसवून परत उतरवायचं नाही. मेंदू सावरलेला नसताना दुसरा मार बसला तर तो पहिल्यापेक्षा कितीतरी घातक ठरतो, क्वचित मेंदूला एकदम सूज येऊन जीवही जातो, आणि लहान वयात हा धोका जास्त. तुमच्या मुलाने नंतर दोनदा हेडर मारला हे वाचून मी खुर्चीतून उठले.

पुन्हा पुन्हा उलटी, वाढत जाणारी डोकेदुखी, झोपेतून जागं न होणं, झटका, कानातून किंवा नाकातून पाणी अथवा रक्त, डोळ्यांची एक बाहुली मोठी एक लहान, यातलं एक जरी दिसलं तरी सकाळची वाट पाहू नका. मान दुखते म्हणाला किंवा हातापायाला मुंग्या आल्या म्हणाला तर त्याला उचलू नका, बसवू नका. डोकं धरून तसंच ठेवा आणि 108 लावा.

चालत गेला म्हणजे बरा आहे, हा समज फार जुना आहे. क्रिकेटवाल्यांना भारताकडून खेळलेले रमण लांबा आठवत असतील. 1998 च्या फेब्रुवारीत ढाक्यात क्लबची मॅच, हेल्मेट न घालता फॉरवर्ड शॉर्टलेगला उभे होते. चेंडू कपाळाजवळ लागला. ते स्वतःच्या पायांनी ड्रेसिंग रूममध्ये गेले. तीन दिवसांनी गेले.

आता परत कधी खेळवायचं. पहिले एक-दोन दिवस विश्रांती, मोबाईलसुद्धा कमी. मग हळूहळू चालणं, मग एकट्याने धावणं, मग बॉल, आणि टक्कर-झटापट सगळ्यात शेवटी. प्रत्येक पायरीनंतर त्रास झाला तर एक पायरी मागे. ब्रिटनमध्ये 2023 साली क्लब पातळीवरच्या खेळांसाठी जी सूचना निघाली तिच्यात 21 दिवसांच्या आत स्पर्धेत उतरवू नका असं आहे. तुमच्या मुलाला तीन आठवड्यांनंतरही त्रास आहे, म्हणजे 21 दिवस उलटले तरी तो खेळायला तयार नाही. मेच्या स्पर्धेत त्याचं नाव घालू नका, तो कितीही मागे लागला तरी.

आणि ते पाणी ओतणं आणि स्प्रे बंद करा. त्याने काहीही होत नाही, फक्त काहीतरी केल्यासारखं वाटतं.

काळा कोट, पणजी

सेक्रेटरीसाहेब, तुम्ही ठराव अडवलात ते योग्य केलंत.

ती ओळ तुम्हाला वाचवणार नाही. खेळाडू मैदानात उतरतो तेव्हा खेळात अंगभूत असलेला धोका त्याने पत्करलेला असतो, हे कायद्याला मान्य आहे. फुटबॉलमध्ये दोघांचं डोकं आपटणं हा तो धोका. पण डोकं आपटल्यावर हालचाल न करणाऱ्या मुलाला पुन्हा खेळवणं हा खेळाचा धोका नव्हे. तो आयोजकांचा हलगर्जीपणा, आणि तो कुणी आधी सही करून पत्करत नसतो. तुमचा खेळाडू तर सोळा वर्षांचा. 1872 च्या करार कायद्याच्या कलम 11 नुसार अज्ञान, म्हणजे अठराच्या आतली, व्यक्ती करार करूच शकत नाही, आणि असा करार मुळातच रद्दबातल, हे प्रिव्ही कौन्सिलने, म्हणजे ब्रिटिश काळातल्या सर्वोच्च अपील न्यायालयाने, 1903 साली मोहरी बीबी खटल्यात सांगून ठेवलंय. त्याच्या सहीखाली तुम्ही काहीही छापा.

बरं, दुर्दैवाने मृत्यू झाला तर काय? 1 जुलै 2024 पासून भारतीय न्याय संहिता लागू आहे. हयगयीने मृत्यूला कारण होण्याचं तिचं कलम 106. जुन्या दंड संहितेच्या कलम 304-अ मध्ये दोन वर्षांपर्यंत कैद होती, आता पाच वर्षांपर्यंत. तिथे क्लबचं नाव पुढे करून चालत नाही, माणसं बघितली जातात. धोका कुणाला माहीत होता, थांबवणं कुणाच्या हातात होतं, आणि त्याने काय केलं. क्लब नोंदणीकृत नसेल तर नुकसानभरपाईचा दावाही आयोजकांवर व्यक्तिशः येऊ शकतो. नोंदणी आहे की नाही ते आधी कपाट उघडून बघा. कित्येक क्लबांचं नूतनीकरण वर्षानुवर्षं झालेलं नसतं.

फॉर्म मात्र छापाच, पण उलटा. ‘आम्ही जबाबदार नाही’ याऐवजी खेळाडूबद्दल आम्हाला काय माहीत असायला हवं ते विचारा. वय, दमा आहे का, फिट येते का, हृदयाचा काही त्रास, घरात कुणी तरुणपणी अचानक गेलं का, चालू औषधं, कशाची ॲलर्जी, मैदानावरून अर्ध्या मिनिटात लागेल असा घरच्यांचा फोन नंबर. गोवा सरकारच्या दीन दयाल स्वास्थ्य सेवा योजनेचं कार्ड असेल तर त्याचा नंबर. अठराच्या आतल्यांसाठी आई किंवा वडिलांची सही, त्यात स्पष्ट की दुखापतीनंतर मुलाला बाहेर काढण्याचा निर्णय क्लबचा माणूस घेईल आणि तो आम्हाला मान्य असेल. अशा सहीला खरा अर्थ आहे. आणि ते फॉर्म कपाटात नकोत, मैदानावर टेबलावर हवेत.

विम्याबद्दल थोडक्यात. प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजनेचा वर्षाचा हप्ता 20 रुपये, बँक खातं असलेल्या 18 ते 70 वयाच्या माणसाला अपघाती मृत्यूसाठी 2 लाख. प्रौढ खेळाडूंना जरूर सांगा, पण त्यात उपचाराचा खर्च मिळत नाही आणि तुमची सोळाची मुलं बसत नाहीत. स्पर्धेपुरती गट अपघात पॉलिसी निघते. साऊंडच्या 6 हजारांतून काही वाचवून एजंटला विचारा.

लेफ्ट विंग

मी पेडण्याचा, पंचवीस वर्षं गावच्या टीममधून खेळलो. वाईट वाटून घेऊ नका, पण हे सगळं वाचून मला भीती वाटली. आम्ही अनवाणी खेळलो, सड्यावरच्या जांभ्या दगडांवर गुडघे सोलून घेतले, कुणी फॉर्म भरला नाही. 2012 मध्ये सरकारने फुटबॉल हा गोव्याचा राज्य खेळ जाहीर केला, तरी गावागावांत तो टिकलाय तो वर्गणी काढणाऱ्या चार पोरांमुळे. त्यांना तुम्ही कलम 106 दाखवलंत तर पुढच्या वर्षी वर्गणीचं पुस्तक हातात घ्यायला कोण तयार होईल? पोरं मोबाईल घेऊन घरी बसतील. तेही आरोग्याला वाईटच की.

सत्तरीचा सेक्रेटरी

@लेफ्ट विंग, दादा, तुमचं म्हणणं मला कळतं, आमच्या अध्यक्षांचंही हेच म्हणणं आहे. पण स्पर्धा बंद पडेल ती कशाने, याचा मी विचार केला. त्या घटनेनंतर आमच्या वाड्यावरच्या तीन आयांनी मुलांना सकाळच्या प्रॅक्टिसला पाठवणं थांबवलंय. त्यांना कुणी कलम दाखवलेलं नाही. त्यांनी फक्त बांधावरून बघितलं की पोरगं पडलं आणि त्याच्याकडे कुणाचं लक्ष नव्हतं. त्या आया परत याव्यात म्हणून मी हे विचारतोय.

तुमच्या काळातही कुणाला तरी लागलं असेलच ना? तो आज कुठे आहे?

लेफ्ट विंग

आमचा गोलकीपर होता. पोस्टवर आपटला. तेव्हापासून त्याला फिट येते. गाडी चालवू देत नाहीत त्याला. आम्ही कधी त्या दोन गोष्टी जोडल्याच नाहीत.

बोला तुम्ही. मी वाचतोय.

पीटी मास्तर, फोंडा

निवृत्त शिक्षक आहे, एकतीस वर्षं शाळेच्या टीम घेऊन फिरलो. नर्सताईंनी आणि वकीलसाहेबांनी महत्त्वाचं सांगितलंच आहे. मी मैदानाचं सांगतो.

सगळ्यात आधी एक माणूस नेमा. कार्यकारिणीतला हवाच असं नाही, पण एकच हवा, आणि त्या दिवशी त्याला दुसरं काम नको. त्याने लाऊडस्पीकर धरायचा नाही, चहा बघायचा नाही, पाहुण्यांना गुच्छ द्यायचे नाहीत. त्याला अंगावर वेगळ्या रंगाचं जॅकेट द्या. त्याने हात वर केला की रेफरीने शिट्टी मारायची, आणि त्याने मुलाला बाहेर काढलं की कोच, कॅप्टन, अध्यक्ष, सरपंच कुणीही त्याचा निर्णय फिरवायचा नाही. टीम मॅनेजरांच्या बैठकीत हे वाचून दाखवून सह्या घ्या. स्कोअर 1-1 असताना आपल्याच वाड्याचा पोरगा बाहेर काढायला धैर्य लागतं, म्हणून शक्यतो तो माणूस दुसऱ्या गावचा घ्या. आणि डोक्याच्या दुखापतीसाठी जादा बदली खेळाडूची मुभा नियमातच ठेवा. मोठ्या फुटबॉलमध्येही आता तशी सोय आहे. तुमचा मुलगा खेळत राहिला त्याचं अर्धं कारण बदली खेळाडू नव्हता हे आहे, विसरू नका.

दुसरं, छाती, म्हणजे खेळताना अचानक हृदय थांबणं. गोव्याच्या फुटबॉलवाल्यांना 5 डिसेंबर 2004 सांगावा लागत नाही. बंगळूरच्या कांतीरवा स्टेडियमवर फेडरेशन कपची फायनल, गोव्याच्या धेंपो क्लबचा क्रिस्तियानो ज्युनियर. त्या दिवशीचे दोन्ही गोल त्याचे. दुसऱ्या गोलच्या वेळी गोलकीपरशी टक्कर होऊन तो पडला तो उठलाच नाही. मी तेव्हा टीव्हीपुढे होतो, शेजारी माझ्या टीमची पोरं बसली होती. पुढे 12 जून 2021 ला कोपनहेगनमध्ये डेन्मार्कचा एरिक्सन असाच कोसळला. पण तिथे लगेच छाती दाबायला सुरुवात झाली, विजेचा झटका देणारं यंत्र मैदानावरच होतं. तो वाचला आणि पुढच्याच वर्षी कतारच्या विश्वचषकात खेळला.

हृदय थांबल्यावर कुणी काहीच केलं नाही तर दर मिनिटाला वाचण्याची शक्यता सुमारे 7 ते 10 टक्क्यांनी घटते. तुमच्या मळ्यापर्यंत ॲम्ब्युलन्सला किती मिनिटं लागतात ते एकदा घड्याळ लावून बघा, म्हणजे कळेल की पहिली दहा-पंधरा मिनिटं तुमच्याच हातात आहेत. हाक मारून प्रतिसाद नाही आणि श्वास नीट चालत नाही, तर छातीच्या मधोमध तळहाताची टाच ठेवायची, पाच ते सहा सेंटिमीटर दाबायचं, मिनिटाला 100 ते 120 वेळा. मदत येईपर्यंत थांबायचं नाही, दमलात तर दुसऱ्याने घ्यायचं. हे वाचून येत नाही. तुमच्या आरोग्य केंद्राला क्लबच्या लेटरहेडवर पत्र द्या, एक संध्याकाळ प्रशिक्षण मागा. वीस पोरं बसवा, त्यात रेफरी हवाच.

108 चं आणखी एक. आयत्या वेळी फोन करणारा घाबरतो आणि ‘मळ्यात या’ एवढंच सांगतो. कुठल्या मळ्यात? टेबलावर पुठ्ठा लावून ठेवा, त्यावर गाव, वाडा, जवळचं देऊळ, कुठल्या फाट्यावर वळायचं. फाट्यावर एक पोरगा उभा करायचा हेही आधी ठरवा. आणि रस्ता! प्रेक्षकांच्या स्कूटर दोन्ही बाजूंना लागतात आणि मधून हातगाडीही जात नाही. पार्किंगला दोरी बांधा.

मेचा उन्हाळा. आपल्याकडे पारा 34 च्या आसपास असतो म्हणून लोक म्हणतात विदर्भापेक्षा बरं. पण आपली हवा दमट, घाम वाळत नाही, आणि घाम वाळला नाही तर अंग थंड होत नाही. दुपारी साडेतीनची मॅच ठेवू नका. प्रत्येक हाफच्या मध्यावर एकदा खेळ थांबवून पाणी द्या. पोरगं बरळायला लागलं, झोकांड्या खायला लागलं, अंग भट्टीसारखं तापलं, तर आधी तिथेच थंड करा, मग गाडीत घाला. मोठं पिंप किंवा टब आणि बर्फाच्या दोन लाद्या आणून ठेवा. मासे विकणाऱ्याकडे बर्फ मिळतोच.

मेच्या शेवटी संध्याकाळी वीज-गडगडाटही असतो. वीज चमकल्यावर तिसाच्या आत आकडे मोजून गडगडाट ऐकू आला तर मैदान रिकामं, सगळे पक्क्या इमारतीत. मंडपात नाही, माडाखाली नाही. शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास कुणी परत यायचं नाही. फायनल असली तरी.

गोलपोस्ट लोखंडी आणि हलवता येणारे असतील तर मागच्या पायांवर वाळूच्या गोणी किंवा जमिनीत खुंट्या. मॅच नसताना लहान मुलं आडव्या दांड्याला लोंबकळतात आणि पोस्ट अंगावर येतो. हे मी डोळ्यांनी पाहिलंय, नशीब त्या मुलाचा फक्त पाय मोडला. आणि पावसात चिखलात खेळवत असाल तर जखम असलेल्याला उतरवू नका. शेतात उंदीर असतात, लेप्टो म्हणजे उंदरांमुळे पसरणारा ताप असाच होतो. नंतर आठवडा-दोन आठवड्यांत ताप आला तर डॉक्टरला चिखलात खेळलो होतो हे आवर्जून सांगायला शिकवा.

वायरमन, डिचोली

लाईट लावून खेळवणार म्हणालात म्हणून लिहितो. वीज खात्याकडून तात्पुरतं कनेक्शन घ्या, परवानाधारक कंत्राटदाराकडून. खांबावर आकडा टाकू नका, शेजाऱ्याच्या घरातून वायर ओढू नका. लाईटच्या बोर्डावर 30 मिलिॲम्पिअरची आरसीसीबी हवीच. माणसाला शॉक लागला की ती क्षणात लाईन तोडते, साधा एमसीबी ते करत नाही. प्रत्येक लोखंडी खांबाला अर्थिंग. वायरचा जोड गवतात नको, टेप मारलेला तर नकोच, मळ्यात दव पडतं. जनरेटर असेल तर त्यालाही वेगळं अर्थिंग. पोरांच्या हाताला लागेल अशा उंचीवर काही ठेवू नका. पाऊस आला की आधी मेन बंद, मग सामान आवरा. उलट करतात लोक.

मुलींची टीम

आमच्या तालुक्यात मी मुलींना शिकवते. एक गोष्ट कुणीच लिहिली नाही म्हणून. मुलींच्या मॅच ठेवणार असाल तर कपडे बदलायला आतून कडी लागणारी खोली आणि संडास. तिथे पुरुष कोच जाणार नाही. अल्पवयीन मुलगा असो की मुलगी, एकट्या मुलाला एकटा मोठा माणूस गाडीतून सोडायला जाणार नाही, दोघे तरी हवेत. आणि कुणी काही सांगितलं तर ते कार्यकारिणीत मिटवायचं नसतं. मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धच्या पोक्सो कायद्याने ज्याला कळलं त्याने पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे, न कळवणं हाही गुन्हा. तुमच्या जापसालदारांत एक बाई असू द्या. मुली तिलाच सांगतील.

सत्तरीचा सेक्रेटरी

सगळ्यांचे मनापासून आभार. काल मीटिंग झाली, म्हणून लगेच लिहितो.

ती ओळ गेली. वकीलसाहेबांनी सांगितलेला फॉर्म केलाय, एका पानात बसला. कपाट उघडलं तर क्लबच्या नोंदणीचा कागद निघाला, पण नवीन कार्यकारिणीची यादी चार वर्षं दिलेलीच नव्हती, ती या आठवड्यात जाईल. टीम 24 च्या 16 केल्या, म्हणजे दुपारच्या मॅच ठेवायची वेळ येणार नाही. यावर सगळ्यात जास्त भांडण झालं, कारण आठ टीमची एंट्री फी गेली. चषक लहान घेतोय. साऊंड एकच बॉक्स. आरोग्य केंद्राला पत्र दिलं, तिथल्या डॉक्टरबाईंनी पुढच्या गुरुवारची संध्याकाळ दिली आणि छाती दाबायच्या सरावाचा बाहुला स्वतः घेऊन येते म्हणाल्या.

जापसालदार दोघे. एक शेजारच्या गावचे, आर्मीतून निवृत्त झालेले, त्यांना तिथे फर्स्ट एडचं प्रशिक्षण मिळालेलं. दुसऱ्या आमच्या अंगणवाडीच्या बाई. दोघांची नावं वहीत पहिल्या पानावर लिहिली, पुढे काम लिहिलं, त्यांच्या सह्या घेतल्या. अध्यक्षांनी सही करायला वेळ घेतला. दोनदा वाचलं. म्हणाले, म्हणजे फायनलला यांनी आपला स्ट्रायकर काढला तरी मी बोलायचं नाही? मी हो म्हटलं. मग केली.

आज संध्याकाळी ते पान घेऊन मी त्या मुलाच्या घरी गेलो. बापाने ते उभ्या उभ्या वाचलं. मी त्याला सांगितलं, या वेळची जाप द्यायला आमच्याकडे कुणी नव्हतं, म्हणून ती मी देतो. पोरगं पडलं तेव्हा मी साईडलाईनवर होतो, दहा पावलांवर, आणि मी थांबवलं नाही. तो काही बोलला नाही. पान परत दिलं आणि बायकोला चहा ठेवायला सांगितला. मुलगा बाहेर पायरीवर बसला होता, त्याने विचारलं, मेमध्ये खेळू ना? नाही म्हटलं. त्याच्या शाळेत सोमवारी जातोय.

वायरमनदादा, आमची जमीन भाताची, वरचा थर काळा आणि खाली जांभा लागतो. अर्थिंगचा खड्डा किती खोल घ्यावा?

वायरमन, डिचोली

जांभा लागला की नुसती खोली सांगून भागत नाही, अर्थिंग मीटर लावून बघावं लागतं. रविवारी सकाळी येतो. फाट्यावर कुणाला तरी उभा करा.